कालातीत म्हणे!

मराठी माणूस परदेशी मुलीकडे गेला की पहिले चार दिवस हवेचं कौतुक करतो, पुढचे चार दिवस रस्त्यांचं करतो आणि नवव्या दिवशी त्याचं जावयाशी वाजतं. आमचंही बरोबर नवव्या दिवशी वाजलं. पैशावरून नाही, राजकारणावरून नाही, पोह्यांत बटाटा घालावा की घालू नये या सनातन प्रश्नावरूनही नाही. ते वाजलं एका विशेषणावरून.

गाव कोलोन. लहानपणी ताप चढला की आई ज्याच्या पट्ट्या कपाळावर ठेवायची ते ओडीकोलन याच गावचं. तेव्हा या गावाचा आणि माझ्या डोक्याचा संबंध जुना आहे. फरक एवढाच की पूर्वी हे गाव माझं डोकं थंड करीत असे.

जावई स्वभावाने गरीब, पगाराने बरे आणि ग्रामोफोनच्या तबकड्या जमवण्याच्या बाबतीत अगदी वाया गेलेले. त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून एक जाडजूड पाकीट काढलं. आत दोन तबकड्या. त्यातली एक त्यांनी दोन तळहातांच्या मध्ये अशी धरली की आमच्या लग्नात भटजींनी अंतरपाटही इतक्या भक्तिभावाने धरला नव्हता.

"बाबा, हे ऐका. टागो मागो. एकोणीसशे एकाहत्तर सालचं आहे, पण एकदम टाइमलेस! कालातीत!"

"काय गो?"

"टागो मागो. स्पेनजवळ एक छोटं बेट आहे, त्याचं नाव. बँडचं नाव कॅन."

कॅन म्हणजे डबा. आमच्या तरुणपणी नाटक पडलं की "डब्बा झाला" म्हणत. इथे मंडळींनी स्वतःच्या हातानं पाटी लावून ठेवली होती. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला.

"हे प्रायोगिक रॉक आहे," जावई म्हणाले.

'प्रायोगिक' या शब्दाला मी एके काळी फार घाबरलेलो आहे. दादरच्या छबिलदासमध्ये प्रायोगिक नाटकं पाहण्यात माझी काही उमेदीची वर्षं गेली. तिथे जिना चढताना मी तरुण असे आणि उतरताना चिंतनशील. तरी मी मांडी घालून, टाळ द्यायला हात मोकळे ठेवून बसलो.

पहिली बाजू बरी गेली. तिसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज उलटा ऐकू येत होता. मला वाटलं, जर्मन भाषा अशीच असावी. जावयांनी खुलासा केला की गायक जपानी आहे आणि आवाजाची फीत मुद्दाम उलटी फिरवली आहे. गायकाचं नाव दामो सुझुकी. आपल्याकडे सुझुकी म्हणजे मोटार. तीही उलटी फिरवता येते, पण गल्लीत. दुसरी बाजू म्हणजे एकच गाणं, साडेअठरा मिनिटांचं. त्याबद्दल पुढे बोलेन. तिसऱ्या बाजूलाही एकच चीज, सतरा मिनिटांच्या वर, आणि नाव 'औम्ग्न'. पडसं झालेल्या माणसानं ओम् म्हणावं तसं. त्यात कुणीतरी विहिरीच्या तळातून घोगऱ्या आवाजात आळवीत होतं, काहीतरी घासलं जात होतं, काहीतरी आपटत होतं. सहाव्या मिनिटाला आमची सौ. आतून धावत आली.

"अहो, मिक्सर बंद करा आधी! चमचा अडकलाय भांड्यात."

जावयांनी अत्यंत सहनशील चेहऱ्यानं तबकडी थांबवली आणि माझ्याकडे पाहून पुन्हा तोच शब्द उच्चारला. "आहे की नाही कालातीत?"

मी म्हणालो, "नाही."

इथे वाजलं.

आता मंडळी, माझा मुद्दा नीट समजून घ्या. जावयांना वाटलं, सासरेबुवांना गाणं आवडलं नाही. ते खरंच होतं, पण माझं म्हणणं ते नव्हतं. एखादी गोष्ट वाईट आहे म्हणून ती कालातीत नाही असं मी म्हणत नाही. ती चांगली असली तरी कालातीत नाही, असं माझं म्हणणं आहे. किंबहुना 'कालातीत' हे कौतुकच नव्हे. ती वस्तू काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावण्याची रीत आहे. ज्या सुनेचं आपण तोंडभरून कौतुक करतो तिला स्वयंपाकघराबाहेर पडू द्यायचं नसतं, तसलाच हा प्रकार.

आणि हे मी अनुभवाने सांगतो. हा शब्द मी स्वतः तीस-पस्तीस वर्षं वापरला आहे. कसा वापरला तेही सांगेन, पण जरा दम धरा. कबुलीजबाब शेवटी द्यायचा असतो.

दुसऱ्या दिवशी, सासऱ्यांचं डोकं शांत व्हावं म्हणून, जावयांनी आम्हांला कोलोनचं मोठं चर्च दाखवायला नेलं. "हे तरी कालातीत आहे ना?" ते खोचकपणे म्हणाले. मी मान वर केली, ती मागे पडेपर्यंत केली. इमारत खरोखर थोर. पण तिची हकीकत ऐका. १२४८ साली पाया घातला. काम रखडत रखडत सोळाव्या शतकात ठप्पच झालं. अर्धवट बुरुजावर एक लाकडी यारी उभी होती, ती तशीच सुमारे चारशे वर्षं उभी राहिली! चारशे वर्षं त्या गावातली माणसं जन्मली, लग्नं केली, मेली, आणि त्यांच्या डोक्यावर "काम चालू आहे" ही पाटी कायम. आपल्याकडच्या उड्डाणपुलांबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते तिथल्या तिथे निवळलं. शेवटी १८८० च्या ऑक्टोबरात चर्च पूर्ण झालं.

१८८० चा ऑक्टोबर! मी जावयांना म्हटलं, "त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं." म्हणजे सहाशे बत्तीस वर्षांचं हे चर्च आणि आमचं संगीत नाटक, दोघांचं बारसं एकाच महिन्यातलं. आज दोघांनाही आपण कालातीत म्हणतो. त्या महिन्यात दोन्ही कोरी करकरीत होती.

त्याच चर्चमध्ये दक्षिणेच्या बाजूला एक प्रचंड खिडकी आहे. गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने केलेली, २००७ सालची. तिच्यात संत नाहीत, देवदूत नाहीत. अकरा हजारांहून अधिक रंगीत काचेचे चौकोन आहेत, बहात्तर रंगांचे, आणि त्यांची मांडणी बरीचशी संगणकाने यदृच्छेने केलेली. तिथल्या कार्डिनलसाहेबांना ती मुळीच पसंत पडली नाही, आणि त्यांनी तसं उघड बोलूनही दाखवलं. मी तिथे उभा असताना ऊन त्या काचांतून फरशीवर उतरलं होतं आणि एक छोटी मुलगी लाल चौकोनावरून निळ्या चौकोनावर लंगडी घालत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की जिला आपण कालातीत म्हणतो ती वस्तू म्हणजे निरनिराळ्या काळातल्या भांडणांची चळत असते. भांडण विसरलं की कालातीत!

आपली पेटीच घ्या ना. पेटीशिवाय भजन नाही, पेटीशिवाय नाट्यसंगीत नाही, वाटतं ज्ञानोबा-तुकोबांच्या काळापासून ही आपल्या मांडीशी आहे. ही बया आली पॅरिसहून, एकोणिसाव्या शतकात. आणि तिच्यातून मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिला दार बंद केलं. ते दार किलकिलं झालं १९७१ साली. बघा, तेच साल! जर्मनीत 'टागो मागो' निघत होतं आणि आपल्याकडे पेटीवाल्यांना रेडिओच्या दारात चप्पल काढायची परवानगी मिळत होती.

१९७१ म्हटलं की मला स्वतःला काय आठवतं? डिसेंबरातला ब्लॅकआउट. बँकेत नोकरी लागून तीन वर्षं झालेली, लग्न नुकतंच झालेलं, आणि आम्ही नवराबायको खळ करून खिडक्यांना काळे कागद चिकटवतो आहोत. त्या वर्षी जी तरुण मंडळी जर्मनीत किल्ल्यात बसून आवाजाच्या फिती कापत होती ती वयानं काही माझ्यापेक्षा फार मोठी नव्हती.

किल्ला खरोखरचा. कोलोनपासून थोड्या अंतरावर न्योर्वेनिख गावी एक जुनी गढी आहे. तिथल्या एका कलाप्रेमी माणसानं यांना वर्षभर बिनभाड्यानं राहू दिलं. (आमच्या पुण्यात असा मालक भेटला तर आम्ही त्यालाच कालातीत म्हणू.) बँडमधले दोघे, इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाय, हे श्टॉकहाउझन नावाच्या बड्या संगीतकाराचे विद्यार्थी. हे श्टॉकहाउझन म्हणजे कोलोनच्या रेडिओ केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत बसून नुसत्या विजेतून सूर काढणारे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली शिकून हे दोघे तिशीत आले, आणि मग चुकायचा शिष्य मिखाएल कारोली यानं आपल्या गुरूला बीटल्सचं एक गाणं ऐकवलं आणि गुरू बिघडला. गुरूला शिष्यानं बिघडवण्याचं उदाहरण आपल्या परंपरेत दुर्मिळ आहे. आपल्याकडे फार तर गुरू शिष्याच्या लग्नात गातो.

त्यांच्याकडं यंत्रसामग्री म्हणाल तर बेताची. दोन पट्ट्यांचं ध्वनिमुद्रण. म्हणजे आजच्या कॉलेजातल्या पोराच्या मोबाइलमध्ये त्याच्या कितीतरी पट सामान असतं. तासन् तास वाजवायचं, सगळं फितीवर घ्यायचं, आणि मग चुकायनं ती फीत ब्लेडनं कापून जोडायची. मध्येच यंत्र बिघडलं की मंडळी चहा पीत सहज काहीबाही वाजवीत बसत. हा पठ्ठ्या गुपचूप तेही मुद्रित करून ठेवी आणि पुढं वापरी. आडनाव चुकाय, पण माणूस चुकांतूनच कमावणारा. गायक सुझुकी तर त्यांना रस्त्यावर सापडला. १९७० साली म्युनिकमध्ये हा रस्त्यात गात होता, यांनी कॅफेतून पाहिला आणि त्याच रात्री कार्यक्रमात उभा केला. सांगतात की श्रोत्यांपैकी बरेचजण उठून गेले. आमच्याकडे गायकाची घराणी विचारतात. यांनी त्याला घर तरी आहे का तेही विचारलं नाही.

आता सांगा, या सगळ्यात काळाच्या पलीकडचं काय आहे? सगळं त्या काळातलं आहे! फीत त्या काळातली, ब्लेड त्या काळातलं, फुकटचा किल्ला तर हमखास त्या काळातला.

जावयांचा सगळ्यात चांगला मुद्दा मी लपवणार नाही, कारण तो चांगला होता. ते म्हणाले, "बाबा, ऐंशी सालानंतरची गाणी ऐका. ढोल वाजला की साल कळतं. १९८१ साली फिल कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' आलं, त्यात ढोलाचा घुमारा मध्येच कापून टाकल्यासारखा. मग जो तो तसाच ढोल वाजवू लागला. १९८३ साली यामाहाचा डीएक्स सेव्हन आला, मग सगळ्यांच्या गाण्यात त्याच त्या कारखान्यातून भरून आलेल्या घंटा. दुधाच्या पिशवीवर तारीख छापतात तशी त्या गाण्यांवर तारीख छापलेली आहे. या 'टागो मागो'वर ती तारीख नाही. दुसऱ्या बाजूचा ठेका काल रात्री वाजवल्यासारखा वाटतो."

खरं आहे. नवं यंत्र ज्या कामासाठी आलं त्याच कामासाठी जो वापरतो तो फॅशनमध्ये सापडतो, आणि फॅशनला तारीख असते. जो यंत्र भलतीकडे वापरतो तो तेवढ्यापुरता सुटतो. १९६६ साली बीटल्सनी 'टुमॉरो नेव्हर नोज' केलं तेव्हा ऑर्गनसाठी बनवलेल्या गरगर फिरणाऱ्या स्पीकरमधून लेननचा आवाज काढला आणि फितींची कडी करून ती पेन्सिलीवर ताणून धरायला स्टुडिओतली माणसं उभी केली. पेन्सिलीला फॅशन नसते. (जाता जाता: त्याच 'रिव्हॉल्व्हर'वर 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला वाजवणाऱ्याचं नाव पाकिटावर छापलं आहे: अनिल भागवत. आडनावावरून आपला म्हणायला काय हरकत आहे? मी तर जावयांच्या तिन्ही जर्मन शेजाऱ्यांना सांगून आलो.)

पण जावईबापू, ठेका काल रात्रीचा वाटतो याचं कारण तो काळाच्या पलीकडचा आहे हे नव्हे. कारण असं की काल रात्रीच्या लोकांनी तो यांच्याकडून उचलला आहे. इंग्लंडातल्या द फॉल या बँडनं तर १९८५ साली 'आय अ‍ॅम डॅमो सुझुकी' याच नावाचं गाणं काढलं. पन्नास वर्षं पोरं ज्याच्या पाठीमागून चालतात तो म्हातारा दिसत नाही, पुढारी दिसतो. उद्या पोरांनी वाट बदलली की तोच माणूस एकदम वयानं दिसू लागेल. तेव्हा 'कालातीत' याचा साधा अर्थ 'अजून नकला होताहेत' एवढाच आहे.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो, नाहीतर ती गालातल्या गालात हसत असतील. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एक निवृत्त हेडमास्तर आहेत. परत आल्यावर मी त्यांना ही हकीकत सांगितली. ते म्हणाले, "अहो, गोंगाट तो. टिकतो ते खरं संगीत. ते तुमचे डबेवाले आणखी दहा वर्षांनी कोणी विचारणार नाही." मास्तर, हे वाक्य १९७१ पासून दर दहा वर्षांनी कुणीतरी बोलत आलं आहे. एव्हाना ते वाक्यच कालातीत झालं. आणि टिकणं हा काय गुण झाला? आमच्या वाड्यातली गळती माझ्या आजोबांच्या काळापासून टिकून होती.

मास्तरांचा आणि जावयांचा मतभेद वरवरचा आहे. दोघेही एकाच गोष्टीची भक्ती करतात: काळानं ज्याला हात लावला नाही ते श्रेष्ठ. फक्त मास्तर म्हणतात यादी बंद झाली, आणि जावई म्हणतात आमचा एक अर्ज शिल्लक आहे. मी म्हणतो, ती यादीच फाडा.

त्यातून ज्या देशात ही तबकडी झाली तिथे तर हा शब्द जपून वापरायला हवा. या पोरांचे बाप ज्या राजवटीत वावरले ती राजवट स्वतःला हजार वर्षांची म्हणवत होती. टिकली बारा वर्षं. १९३३ ते १९४५. चिरंतन, शाश्वत, अमर या शब्दांची तिथे काय किंमत द्यावी लागली ती सगळ्या जगाला ठाऊक आहे. चुकाय आणि ढोलवाला लीबेत्साइट यांचा जन्म १९३८ चा, श्मिटचा १९३७ चा. ढिगाऱ्यांत खेळत वाढलेली पिढी. शाश्वताचं पुन्हा नाव नको, म्हणून ही मंडळी नोंदी, चौकटी, सगळं टाकून "आज आत्ता या खोलीत काय वाजतंय" एवढंच ऐकत बसली असतील तर मला त्यात नवल वाटत नाही. त्यांनी ज्याच्यापासून पळ काढला तोच हार आपण त्यांच्या गळ्यात घालायचा?

लीबेत्साइट. नाव पाहा. लीबे म्हणजे प्रेम आणि त्साइट म्हणजे काळ. आधी हा मनमुक्त जॅझ वाजवी, ज्यात ठेका धरणं म्हणजे गुन्हा. मग, तो स्वतःच सांगत असे, कुणीतरी त्याला म्हणालं की तू एकसुरी वाजवायला हवंस. आपल्याकडे हे वाक्य ऐकून तबलजी वाद्य बांधून घरी गेला असता. यानं ते उपदेश म्हणून घेतलं. दुसऱ्या बाजूला ती साडेअठरा मिनिटं हा माणूस तोच एक ठेका असा वाजवतो की जणू पहाटे आजी जात्यावर बसली आहे. जातं तेच, फेरा तोच, पण पीठ पडतंय.

आणि कुणाला अजून शंका असेल तर शेवटचा पुरावा. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठवली. कधी काळी परग्रहावरच्या कुणाच्या हाती लागली तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तिच्यावर गोव्याच्या केरीत जन्मलेल्या आमच्या केसरबाईंची भैरवी आहे आणि चक बेरीचं रॉकही आहे. म्हणजे कालातीतपणाची याहून मोठी परीक्षा नाही. सूर्यमालेबाहेर निघालेलं गाणं! पण त्या शास्त्रज्ञांनी काय केलं? तबकडीच्या वेष्टनावर शुद्ध युरेनियमचा एक थर दिला. युरेनियम ठरावीक गतीनं झिजतं, त्यामुळे जो कोणी ते वेष्टन तपासील त्याला कळेल की हे निघून किती वर्षं झाली. बघा मंडळी! अनंतात धाडताना सुद्धा शहाण्या माणसांनी आधी तारीख घातली.

कारण ते पत्र आहे. आणि पत्राच्या डोक्यावर तारीख असते. बिलावरही असते. पण बिलाची तारीख उलटली की बिल जुनं होतं. पत्राचं तसं नाही. पत्राची तारीख उलटते तसं ते जास्त वाचावंसं वाटतं. गाण्याला तारीख आहे की नाही हा प्रश्न चुकीचा. ती तारीख बिलाची आहे की पत्राची, हे विचारा.

आता तो कबुलीजबाब.

माझ्या कपाटात एक पत्र आहे. १२ जुलै १९९१. कन्या तेव्हा एकोणीस वर्षांची, शिकायला बाहेरगावी, होस्टेलवर. लिहिलं होतं की कॉलेजात चौघींनी मिळून एक बँड काढला आहे, ती गिटार वाजवते, स्वतःची गाणी करतात, त्यात कधी डबे वाजवतात, कधी रेडिओचा खरखराट घालतात, आणि बाबा तुम्ही गॅदरिंगला याल का. मी दोन पानी उत्तर लिहिलं. मजकूर आजही पाठ आहे. त्यात कालातीत हा शब्द तीनदा होता. खरं संगीत टिकतं, हे दोन वर्षांत कुणी ओळखणारही नाही, अभ्यासाकडे लक्ष दे, आशीर्वाद. गॅदरिंगला गेलो नाही. त्या दिवशी बँकेत हिशेबतपासणी होती, आणि नसती तरी गेलो नसतो. दिवाळीत ती घरी आली तेव्हा गिटार बरोबर नव्हती. सहाशे रुपयांना विकली आणि ड्रॉइंग बोर्ड घेतला असं तिनं आईला सांगितलं. मला ते त्या वेळी समंजसपणाचं वाटलं. मी शेजारी जाऊन सांगितलं सुद्धा.

माझं म्हणणं खरं ठरलं, हाच सगळा घोटाळा आहे. ती गाणी खरोखरच दोन वर्षांत कुणाला आठवत नव्हती. ती टिकायला कुठे निघाली होती? चार पोरींनी एका पावसाळ्यात एका खोलीत काहीतरी धरलं होतं. मला फक्त तिथे जाऊन बसायचं होतं. ते मी 'काळाच्या कसोटीवर' उतरेपर्यंत पुढे ढकललं.

निघायच्या आदल्या रात्री मला झोप येईना. बाहेर आलो तर कन्या दिवाणखान्यात एकटी बसून तबकड्या पुसत होती. तेव्हा कळलं की त्या निम्म्याहून अधिक तिच्याच आहेत. जावई नुसते प्रवक्ते. मी म्हटलं, "ती दुसरी बाजू लाव. हळू."

तिनं लावली. जातं सुरू झालं. काही वेळानं मी पाहिलं तर माझी बोटं खुर्चीच्या हातावर चालत होती. घड्याळ समोरच होतं, पण मी पाहिलं नाही. जावयांना एवढी सवलत देतो: या संगीतात काळाचं भान जातं. पण भान जाणं वेगळं आणि काळाच्या बाहेर असणं वेगळं. झोप लागली म्हणून गादी कालातीत होत नाही.

मी विचारलं, "ती तुमची गाणी... कशी होती गं?"

ती एकदम हसली. "बाबा, भयंकर होती! मला नीट सूर लावता येत नसे. तुम्ही आला असतात तर पहिल्या पाच मिनिटांत उठून गेला असतात."

"बसलो असतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. विश्वास बसला असं वाटलं नाही. माझा तरी कुठे बसला होता? तिनं मुकाट्यानं तबकडी बदलली. शेवटच्या बाजूचं शेवटचं गाणं लागलं. त्याचं नाव 'ब्रिंग मी कॉफी ऑर टी'. अख्ख्या 'टागो मागो'त हे एकच नाव मला प्रथमपासून पूर्णपणे पटलेलं होतं. रात्रीचा दीड वाजला होता. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न सांगता, दोन कप चहा टाकला. साखर कुठे ठेवतात ते मात्र विचारावं लागलं.